आधी दप्तर, मग कागद

अमेरिकेच्या इतिहासाची अस्सल साधने इंटरनेटवर कुठे सापडतील, असे विचारणारे विद्यार्थी आता रत्नागिरीसारख्या गावातही असतात. बहुतेकांना हवी असते यादी. यादी देणे अवघड नाही. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, तिथलेच राष्ट्रीय अभिलेखागार, जुन्या वर्तमानपत्रांचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह, वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन मंडळींचा पत्रव्यवहार देणारे ‘फाउंडर्स ऑनलाइन’, येल विद्यापीठाचा कायदे-करारांचा ‘ॲव्हलॉन’ प्रकल्प, शिवाय इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट ही पुस्तकांची दोन कोठारे. पाच मिनिटांत सांगून होते, आणि यातले जवळजवळ सगळे फुकट आहे. तरीही ही यादी घेऊन बसलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने उठतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे हजारो निकालांच्या ढिगातून पहिले दिसेल ते उचलतो. दोष त्याच्या इंग्रजीचा नसतो आणि पावसाळ्यात मान टाकणाऱ्या इंटरनेटचाही नसतो. तो विषय शोधत असतो, आणि दप्तरखाने विषयवार लावलेले नसतात. ज्या कचेरीने, ज्या संस्थेने किंवा ज्या माणसाने कामाच्या ओघात कागद तयार केले, त्याच्या नावाखाली ते राहतात. म्हणून आधी दप्तर ठरवावे आणि मग कागद शोधावा, असे या कामाच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे. ही नुसती शोधण्याची युक्ती नाही. सापडलेला कागद वाचायचा कसा, हेही यातूनच ठरते.

मराठी वाचकाला ही गोष्ट खरे तर नव्याने सांगावी लागू नये. आपल्याकडे इतिहाससंशोधन सुरू झाले तेच मुळी दप्तरे धुंडाळत. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले ते कोणत्या घराण्याकडे कोणते कागद असतील याचा अंदाज बांधून: फडावरच्या माणसाकडे हिशेब, वकिलाकडे दरबारच्या बातम्या, वतनदाराकडे निवाडे. रियासतकार गो. स. सरदेसाई तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविलचे. पेशवे दप्तरातले निवडक कागद त्यांनी ४५ भागांत छापून आणले, तेव्हा त्यांच्यापुढे हजारो रुमाल होते, आणि ते काही भावी इतिहासकारांची सोय पाहून बांधलेले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची रचना याच जातीची आहे. तिथे प्रत्येक सरकारी खात्याच्या कागदांना गटक्रमांक असतो. ५९ म्हणजे परराष्ट्र खाते, ८५ म्हणजे इमिग्रेशन खाते. ‘अमेरिकेतले भारतीय’ नावाचा गट तिथे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेल्या एखाद्या भारतीय मजुराचा माग काढायचा, तर त्याला बंदरावर कोणी अडवले, कोणी तपासले, परत पाठवण्याचा हुकूम कोणी काढला, हे आधी कळायला हवे. सरकारचा ज्याच्याशी संबंध येतो त्याचीच नोंद सरकार ठेवते. पुण्याच्या फडात हेच होते आणि कॅलिफोर्नियाच्या बंदरावरही हेच होते.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण घ्या. कल्याणात जन्मलेल्या या मुलीने १८८३ मध्ये अमेरिका गाठली आणि १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिचे कागद पाहायचे म्हणून काही जण एलिस बेटाच्या नोंदी चाळत बसतात, कारण अमेरिकेत पाऊल ठेवायचे ते एलिस बेटावर, हे सिनेमांनी डोक्यात पक्के बसवले आहे. तिथले तपासणी केंद्र उघडले १८९२ मध्ये. आनंदीबाई गेल्या तेव्हा न्यू यॉर्कला कॅसल गार्डन या आधीच्या केंद्राचा काळ चालू होता, आणि चाळायच्या त्या बंदराच्या त्या वर्षाच्या उतारूंच्या याद्या. तीच गत कॉलेजची. ज्या ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ मध्ये त्या शिकल्या, ते त्या नावाने आज अस्तित्वातच नाही. त्याचे नाव बदलले, पुढे दुसऱ्या वैद्यकीय कॉलेजशी विलीनीकरण झाले, आणि अखेर ते फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात सामावले. म्हणून आनंदीबाईंचे प्रवेशासाठीचे पत्र आणि जपानी व सिरियन सहाध्यायिनींबरोबरचा १८८५ चा तो सर्वांनी पाहिलेला फोटो आज ड्रेक्सेलच्या अभिलेखागारात आहे, आणि इथे बसून पाहता येतो. संस्थेची ही वंशावळ माहीत नसेल तर ड्रेक्सेल हे नाव डोक्यात येण्याचे कारणच नाही. जाता जाता, जोशी या आडनावाच्या शेवटी तिथल्या कागदांत दोन ‘ई’ आहेत. तसे बरोबर की चूक हा वाद घालत बसण्यापेक्षा शोधताना ते निमूट तसे लिहावे, हे उत्तम.

पण रत्नागिरीकराला याहून जवळचे एक दप्तर आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या परदेशी मिशन मंडळाने १८७३ मध्ये रत्नागिरीत आपले ठाणे उघडले. मंडळाची कचेरी न्यू यॉर्कला. त्याचा वार्षिक अहवाल छापून निघे, त्यात कोल्हापूर मिशनचे प्रकरण असे, आणि रत्नागिरीची ओळख ‘कोल्हापूरच्या वायव्येला ८२ मैल’ अशी करून दिलेली असे. हे अहवाल, मंडळाचे ‘फॉरेन मिशनरी’ हे मासिक, बायकांच्या मंडळांसाठी निघणारे ‘वुमन्स वर्क फॉर वुमन’, या सगळ्यांचे जुने अंक स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर आलेले आहेत. मात्र ‘रत्नागिरी’ हे आजचे स्पेलिंग टाकून शोधले तर निम्मे कागद निसटतात. त्या काळी पहिल्या अक्षरानंतर ‘ए’ च्या जागी ‘यू’ लिहीत, आणि शेवटच्या ‘गिरी’चे कधी ‘घेरी’ करत. मुद्रकाच्या लहरीप्रमाणे एकाच वर्षाच्या दोन अंकांत दोन स्पेलिंगे भेटतात. सगळी आलटूनपालटून टाकून पाहावी लागतात, त्याला इलाज नाही.

या कोल्हापूर मिशनच्या कागदांची वाटणी कशी झाली ते पाहिले की दप्तराचा आग्रह का धरायचा हे चटकन ध्यानात येते. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आला तो बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या वेगळ्याच संस्थेचा माणूस म्हणून. या बोर्डाचे पहिले लोक १८१३ मध्येच मुंबईला पोचले होते, आणि नगरचे त्यांचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचे. पुढे वाइल्डरचे बोर्डाशी बिनसले. काही वर्षे त्याने मिशन स्वतःच्या हिमतीवर चालवले आणि १८७० मध्ये ते प्रेसबिटेरियन मंडळाच्या हवाली केले. एकाच गावातल्या एकाच मिशनचे कागद असे तीन ठिकाणी पांगले. पहिल्या काळाचे कागद बोर्डाच्या संग्रहात, जो आता हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे. शेवटच्या काळाचे फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. मधल्या काळासाठी वाइल्डरने स्वतःची बाजू मांडायला छापलेले लिखाण, म्हणजे भांडणातल्या एका पक्षाची कैफियत. ‘कोल्हापूर मिशन’ एवढे दोन शब्द टाकून शोधणाऱ्याला यातला एखादा तुकडा मिळतो आणि तेवढ्यालाच तो पूर्ण गोष्ट समजतो. भांडण झाले होते हेच त्याला कळत नाही, मग दुसऱ्या पक्षाचे कागद मागायचे कुठून सुचणार?

आता वाचण्याकडे वळू. मिशनचा अहवाल कोणाला वाचून दाखवायचा होता, हा प्रश्न त्यात काय लिहिले आहे याच्याही आधी यायला हवा. तो वाचला जाई ओहायोत, पेनसिल्व्हेनियात, न्यू यॉर्कमध्ये, चर्चमधल्या वर्गणीदारांपुढे. वर्गणीदाराला काम वाढत असल्याची खात्री हवी असते आणि आपल्या पैशाची अजून गरज आहे हेही कळायला हवे असते. म्हणून या अहवालांत प्रगती आणि टंचाई कायम हातात हात घालून येतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाची वर्णने वाचताना हे विसरून चालत नाही. ती खोटी नाहीत. पण ती मदतीची हाक म्हणून लिहिली गेली, आणि हाक मारणारा आवाज चढवतोच. अमेरिकन मिशनरी बायकांची नावे, आजारपणे, सुट्ट्या, बदल्या यांच्या नोंदी बारकाईने असतात. त्यांच्या हाताखालचे मराठी शिक्षक, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बाया, शाळेत येणाऱ्या मुली कोष्टकातल्या आकड्यांत भेटतात, नावानिशी क्वचित. आणि तरीही हा कागद टाकाऊ नाही. अमेरिकेतल्या छोट्या शहरांतल्या बायका पै-पैसा जमवून हजारो मैलांवरच्या एका बंदरातल्या मुलींच्या शाळेला का पाठवत होत्या, हा अमेरिकेच्याच सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे. त्याच्या पुराव्याचा अर्धा भाग रत्नागिरीत घडलेला आहे.

इथेच इथल्या वाचकाचा एक फायदा दिसतो, जो बॉस्टनच्या अभ्यासकाला विकत घेता येत नाही. पत्रव्यवहारात जून ते सप्टेंबर खंड पडलेला दिसला, तर तिकडचा अभ्यासक आजारपणाचा किंवा मतभेदाचा तर्क लढवील. मे अखेरीस समुद्र खवळतो, आगबोटी बंद होतात आणि घाटातून कोल्हापूरकडे जाणारी वाट तेवढी उरते, हे रत्नागिरीकराला कोणी शिकवावे लागत नाही. गावांची नावे कितीही वेडीवाकडी छापलेली असोत, तो ती ओळखतो. मिशनरी ज्याला ‘टेकडीवरचा बंगला’ म्हणतो ती टेकडी कोणती असू शकेल याचा त्याला अंदाज असतो. शिवाय पडताळ्यासाठी दुसरे दप्तर हाताशी आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड १८८० मध्ये निघाला. तोही स्कॅन होऊन उपलब्ध आहे. ती सरकारची नजर: महसूल, बंदरे, जाती, पिके, मुंबईला पोटासाठी जाणारी माणसे. एकाच दशकातले एकच गाव धर्मप्रसारकाला कसे दिसले आणि कलेक्टर कचेरीला कसे दिसले, हे शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. दोघांनाही जे दिसलेच नाही त्याचा अंदाजही अशाने येऊ लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. कोकणातल्या माणसाला अमेरिकेच्या इतिहासाशी काय कर्तव्य? आपलाच इतिहास धूळ खात पडलाय, तो आधी पाहा की. आक्षेप रास्त वाटतो, पण तो दोन इतिहास वेगळे आहेत असे गृहीत धरतो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. ज्या माणसाने पुण्यात बसून अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा अर्थ आपल्या समाजासाठी लावला, त्याला हा प्रश्न विचारून पाहा. दुसरा दाखला रत्नागिरी जिल्ह्याचाच म्हणावा लागेल, कारण डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. नॅशनल नीग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या अर्जाची बातमी त्यांनी वाचली होती. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती मिळतीजुळती आहे हे सांगून, अस्पृश्यही असाच मार्ग धरण्याचा विचार करत आहेत असे त्यांनी कळवले आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे उत्तर गेले: तुमचे नाव आणि काम मी ऐकून आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, अशा आशयाचे.

हे दोन कागद कुठे आहेत? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ड्यू बॉइस संग्रहात, आणि दोन्ही कोणालाही पाहता येतात. याचे कारण पुन्हा दप्तराचेच आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी त्याचे पत्र सहसा राहत नाही, ते राहते ज्याला लिहिले त्याच्या घरी. ड्यू बॉइस आलेले पत्र जपत आणि गेलेल्या उत्तराची प्रतही ठेवत. त्यांच्या पश्चात हे सगळे १९७३ मध्ये विद्यापीठाकडे आले. त्यामुळे संवादाच्या दोन्ही बाजू एका फाइलीत आहेत. बाबासाहेबांवर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकाने फक्त मुंबई-दिल्लीचे कागद पाहिले तर ही दोन पत्रे त्याला दिसणारच नाहीत. अमेरिकेचा अभ्यासक फक्त नागरी हक्कांची चळवळ शोधत बसला, तर त्यालाही कदाचित दिसणार नाहीत. कोण कोणाला लिहीत होते, या प्रश्नाने दोघांनाही ती सापडतात. आपला इतिहास आधी पाहा म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच, की तो पाहायचा म्हटला तरी ॲमहर्स्ट चुकत नाही.

शोधण्याच्या बाबतीत दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या हसण्यावारी नेऊ नयेत. पहिली काळाची भाषा. अमेरिकन कागदांत ‘इंडियन’ शोधलात तर मूळ अमेरिकन आदिवासींचा समुद्र समोर येतो. आपली माणसे तिथे ‘ईस्ट इंडियन’ किंवा ‘हिंदू’ म्हणून भेटतात, तेही जुन्या स्पेलिंगात दोन ‘ओ’ घालून, आणि पंजाबातला शीखही तिथे हिंदूच असतो. दुसरी अडचण यंत्राने केलेल्या वाचनाची. जुन्या वर्तमानपत्रांचा शोध घेताना आपण छापील पान शोधत नसतो, यंत्राला त्या पानात जे दिसले ते शोधत असतो. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या आतला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसे, म्हणून यंत्राला ‘काँग्रेस’च्या जागी ‘काँग्रेफ्स’ दिसते. शाई पसरलेली असते, दोन स्तंभ एकमेकांत मिसळतात, आडनावाचा पार चुराडा होतो. ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’वर दोन कोटींहून अधिक पाने आहेत. त्यांत शब्द सापडला नाही याचा अर्थ बातमी छापलीच नव्हती असा नाही. अशा वेळी शब्द सोडावा, त्या गावचे वर्तमानपत्र कोणते ते ठरवावे, आणि त्या आठवड्याचे अंक पानन् पान नजरेखालून घालावेत. कंटाळवाणे काम आहे. पण आपल्याकडे मोडी वाचणाऱ्यांनी याहून कंटाळवाणी कामे केली आहेत.

कागद अस्सल असला म्हणजे तो खरे बोलतो, हा समज इंटरनेटमुळे वाढला आहे, कारण पिवळट पानाचे चित्र समोर दिसले की माणूस भारावतो. याला उतारा म्हणून एक उदाहरण नेहमी द्यावेसे वाटते. १९३६ ते ३८ या काळात अमेरिकन सरकारच्या लेखक-योजनेत, एके काळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यांतल्या २,३०० हून अधिक मुलाखती संकेतस्थळावर ठेवल्या आहेत. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात एका वृद्धेची मुलाखत दोनदा झाली. एकदा जेसी बटलर या गोऱ्या बाईंनी घेतली. तिथे तिचे नाव सुझन हॅम्लिन पडले. एकदा ऑगस्टस लॅडसन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी घेतली. तिथे ती सुझन हॅमिल्टन झाली. बटलरबाई सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतून आल्या असाव्यात, असा तिचा समज झाला होता. त्यांना तिने सांगितले की मालक चांगला होता. लॅडसन यांना तिने सांगितले फटक्यांचे, मुले विकली जाताना आयांनी फोडलेल्या हंबरड्याचे. दोन्ही कागद अस्सल, दोन्हींवर सरकारी शिक्का, बोलणारी बाई एकच. ज्याला फक्त पहिला सापडला त्याने काय लिहिले असते याची कल्पना करा. विचारणारा कोण होता आणि उत्तर देणाऱ्याला त्याच्याकडून काय मिळण्याची आशा किंवा भीती होती, हे कळल्याशिवाय या मुलाखतींतले एक वाक्यही उचलू नये, असे मला वाटते. म्हणूनच दप्तर आधी म्हणायचे.

दुसरा आक्षेप मुरलेल्या संशोधकांचा असतो आणि तो वजनदार आहे. नेटवर आहे ते हिमनगाचे टोक. खरा अभ्यास प्रत्यक्ष जाऊन, खोकी उघडून करावा लागतो. हे मी मान्य करतो, इतकेच नाही तर त्यात भर घालतो. नेटवर जे येते त्यालाही कल असतो. छापील गोष्टी आधी येतात, हस्तलिखिते मागे राहतात. प्रसिद्ध माणसांची पत्रे आधी येतात, कारण त्यांच्यासाठी अनुदान मिळते. मिशनच्या अहवालाची छापील प्रत घरबसल्या वाचता येते, त्यामागचा खाजगी पत्रव्यवहार बराचसा अजून खोक्यांत किंवा मायक्रोफिल्मवर आहे. काही कागद तर आता कुठेच नाहीत. १८९० च्या अमेरिकन जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत खराब झाले आणि पुढे नष्ट केले गेले. आणि काही दारे आपल्यासाठीच बंद आहेत. अमेरिकेबाहेर छापलेली पुस्तके हाथीट्रस्ट अमेरिकेबाहेरच्या वाचकासाठी अधिक वर्षे बंद ठेवते. त्यामुळे मुंबईत छापलेले एखादे जुने पुस्तक शिकागोत उघडते आणि रत्नागिरीत उघडत नाही, असा विनोदी प्रकार घडतो. कायद्याची कारणे समजतात, पण राग यायचा तो येतोच. बहुतेक वेळा तेच पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर सापडते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. हे सगळे धरूनही आक्षेपाचा निष्कर्ष मला पटत नाही. खोक्यांपर्यंत जाण्याची ऐपत रत्नागिरीतल्या किती जणांची आहे? आणि खोक्यांच्या याद्या तर नेटवर आहेत. त्या नीट वाचून, कोणत्या खोक्यातली कोणती फाइल हवी हे नेमके लिहून विचारले, तर अभिलेखागारातली माणसे उत्तर देतात, कधी फी घेऊन स्कॅनही पाठवतात. ‘रत्नागिरीबद्दल तुमच्याकडे काय आहे’ अशा पत्राला मात्र ती तरी काय उत्तर देणार?

तिसरा आक्षेप अलीकडचा: आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की सगळे मिळते. मिळते खरे, पण त्यात अस्तित्वात नसलेली पत्रे आणि बनावट पृष्ठक्रमांकही मिळतात, आणि खरे-खोटे एकाच आत्मविश्वासाने सांगितले जाते. जुने वळणदार हस्ताक्षर लावायला किंवा एखाद्या खात्याचे पूर्वीचे नाव सुचवायला यंत्राची मदत जरूर घ्यावी. त्याने सांगितलेला कागद मात्र पानाचे चित्र स्वतः उघडून पाहिल्याशिवाय टिपेत घालू नये. हात बसवायचा असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘सिटिझन आर्काइव्हिस्ट’ आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘बाय द पीपल’ हे दोन उपक्रम आहेत. हस्तलिखितांची पाने पाहून मजकूर उतरवून काढायचा असतो, आणि जगातल्या कोणालाही त्यात भाग घेता येतो. महिनाभर ते केले की एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन अक्षर नजरेला सवयीचे होते.

एक जागा मात्र अमेरिकेतले कोणतेही संकेतस्थळ भरून काढू शकत नाही. मिशनच्या शाळांत शिकलेल्या, शिकवलेल्या, त्यांच्या दवाखान्यांत काम केलेल्या मराठी माणसांची बाजू न्यू यॉर्कच्या दप्तरात नाही, कारण ते दप्तर त्यांचे नव्हतेच. ती असलीच तर रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली, मिरज इथल्या घरांत, चर्चच्या नोंदवह्यांत, शाळांच्या हजेरीपटांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे. आपल्या घरी असा कागद असेल तर तो रद्दीवाल्याला देण्याआधी आणि पुढचा पावसाळा येण्याआधी एवढे करा: तारीख, कोणी कोणाला लिहिले आणि तो घरात कसा आला, याची एक साधी यादी करा. उजेडात ठेवून मोबाइलवर प्रत्येक पानाचा सरळ फोटो घ्या, मागची कोरी बाजूही सोडू नका. पाने वेगळी करून विषयवार लावू नका. ज्या गठ्ठ्यात जशी आहेत तशीच राहू द्या. यादीची एक प्रत जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, तिथे अशी यादी ठेवायला जागा निघेल.